राळेचं पिवळं मलम

नववीत जाईपर्यंत रुबिनाला तोंड आहे हे तिच्या घरच्यांखेरीज जव्हारात कुणाला ठाऊक नव्हतं. हजेरीला "हजर" म्हणायची, तेही बाईंना मान वर करून शोधावं लागायचं, आवाज नेमका कुठून आला म्हणून. मग तपासणीचे साहेब आले, "लोखंड गंजतं का?" असं त्यांनी विचारलं, सगळा वर्ग छताच्या पत्र्याकडे बघत बसला, आणि रुबिना उठून जी बोलायला लागली ती घंटा झाली तरी थांबेना! साहेब हसले. विज्ञानाच्या पुष्पलताबाई तर कौतुकाने लालच झाल्या. त्या दिवसापासून नळाची चावी तुटावी तसं झालं. सूत्रसंचालन रुबिना, वक्तृत्व रुबिना, प्रतिज्ञा सांगायला रुबिना. पेठेतले लोक तिच्या अब्बांना म्हणायचे, "मुनाफभाई, पोरीला रेडिओवर पाठवा, बॅटरीचा खर्च वाचेल!"

मुनाफ हा जव्हारचा खरादी. मोटरवर फिरणाऱ्या खरादावर लाकूड धरायचं, पटाशीने कातायचं आणि त्यातून लाटणी, भोवरे, पाळण्याच्या चिमण्या, खुळखुळे काढायचे, हा त्याचा धंदा. खेळणं फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घासून घासून लाख वितळते आणि लाकडावर आरशासारखी बसते. त्या लाखेत राळ घालावी लागते, म्हणून दुकानात राळेचा डबा कायमचा. मधाच्या रंगाचे खडे, उन्हात धरले तर पलीकडचं दिसावं असे.

विज्ञान प्रदर्शनासाठी रुबिनाने विषय घेतला तो हाच.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये ज्वालामुखी होते, पवनचक्क्या होत्या, एकाचं तर दूध मोजायचं यंत्र पेटलं होतं. पण गर्दी रुबिनाच्या टेबलापुढे.

"ही राळ. आपल्याकडच्या झाडाची नाही ही, हिमालयातल्या चीड वृक्षाची! खोडाला खाच पाडतात, खाली कुंडी बांधतात. चीक ठिबकतो. तो भट्टीत तापवला की टर्पेंटाइन वाफ होऊन वेगळं निघतं आणि मागे उरते ती राळ. तुमच्या वहीच्या कागदावर शाई फुटत नाही, का? राळ! साबण, वॉर्निश, छापखान्याची शाई, रेडिओ दुरुस्तीवाल्याची डाख, सगळीकडे राळ. आणि झाड हा चीक गाळतं कशाला? माणसाच्या कारखान्यासाठी नाही गाळत. त्याला जखम झाली की ते आपलं मलम आपणच तयार करतं. मग ते मलम माणसाच्या जखमेला का नको?"

इथे ती थांबायची. थांबायचं कुठे हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण बरोबर कळायचं. मग ती डबीचं झाकण उघडायची.

आत पायाच्या भेगांचं मलम. लोण्यासारखं मऊ आणि रंग म्हणाल तर झेंडूच्या फुलाचा! परीक्षकांनी चष्मा वर केला. "वा, रंग काय सुरेख आलाय. हळद का?"

"हो सर. हळद. जंतुनाशक."

पहिला नंबर आला. पाटीवर खडूने नाव लिहिलं, रुबिना मुनाफ खरादी, आणि खाली 'जिल्हास्तरावर निवड.'

आता ती हळद नव्हती, ही गोष्ट रुबिनाला ठाऊक होती. पण तेवढं काय, असं तिला वाटत होतं. खरंच वाटत होतं.

झालं असं. राळेचं मलम करायची रीत तिच्या अम्मीकडे, जहिदाकडे, तिच्या माहेरून आलेली. तेल तापवायचं, राळेची पूड विरघळवायची, गार पाण्यात ओतायचं आणि हाताने फेटत राहायचं. पाणी बदलायचं, पुन्हा फेटायचं. दंड भरून येतात तेव्हा कुठे पांढरं शुभ्र लोणी होतं. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी रुबिनाचं मलम झालं, छान झालं, पण पांढरं! खडू कालवल्यासारखं. कोण बघणार त्याच्याकडे? तिने हळद घातली, तर ते भांडी पुसायच्या फडक्यासारखं मळकट झालं. मग तिची नजर दुकानातल्या फळीवर गेली. तिथे काचेच्या बरणीत अब्बांची 'पिवळी' होती. पिवळी म्हणजे खेळण्यांच्या लाखेत घालायची पूड. घरात सगळे पिवळीच म्हणत. अब्बा ती फार जपून वापरायचे, महाग असेल म्हणून, असं रुबिनाला वाटायचं.

ती बरणी हातात घेऊन रुबिनाने विचारही केला, नाही केला असं नाही. ती मनाशी म्हणाली, खुळखुळे तर तान्ही बाळं दिवसभर तोंडात घालून चोखतात. तोंडात गेलेलं चालतं, तर पायाला लावलेलं काय करणार आहे?

खराद्याच्या घरात जन्मलेल्या पोरीलाच असा विचार सुचावा. दुसरीच्या हाताला ती बरणी लागलीच नसती.

फागी रुबिनाच्या बाकावरची. जामसरच्या एका पाड्यावरची पोर, जव्हारला मुलींच्या वसतिगृहात राहायची. रुबिना मुकी होती तेव्हा तिच्याशी बोलायची ती एकटी फागीच. प्रदर्शन संपल्यावर टेबल आवरताना ती म्हणाली, "माझे आयसला देशील काय थोडं? तिचे पाय म्हणजे फुटलेलं शेत हाय. मोळी घेऊन चढाय लागली की रक्त येतं."

"थोडं कशाला? डबीच ने!" रुबिना म्हणाली. त्या दिवशी फागीने राज्य मागितलं असतं तरी रुबिनाने दिलं असतं. फागीने डबी ओढणीच्या टोकात बांधली आणि शनिवारी घरी नेली.

त्यानंतर रुबिना जिल्ह्याच्या तयारीला लागली. अम्मी पोळ्या लाटत असली की समोर उभी राहून भाषण. "और कितनी बार काटेगी वो झाड?" अम्मी म्हणायची. रुबिनाच्या बोटांच्या टोकांना थोडी आग होत होती, साल निघत होती. थंडीचं होतं तसं, म्हणून तिने सोडून दिलं.

पुढच्या खेपेला फागी घरून आली ती उतरलेल्या तोंडाने.

"काय झालं?"

"आयसचा पाय सुजलाय. भेगांतून पाणी येतं. ती म्हणते मलम कमी पडलं, जोरात लावाय पाहिजे. आणखी देशील काय?"

रुबिनाने वही मिटली. "पाय आधी धुतला नसेल," ती म्हणाली. "माती राहिली असेल आत."

"धुते ती. तू सांगितलं तसंच करते. तू सांगितलेलं ती सगळ्यांना सांगते."

संध्याकाळी रुबिना दुकानात जाऊन स्टुलावर बसली. अब्बा भोवरा कातत होते, लाकडाच्या साली त्यांच्या दाढीवर उडत होत्या.

"अब्बा, ती पिवळी कोणी खाल्ली तर?"

मोटर थांबली. "कोणी खाल्ली?"

"नाही, असंच. प्रोजेक्टमध्ये विचारतील."

"सांग त्यांना, वो हरताळ आहे. विष. मी हात लावतो तर तीनदा साबणाने धुतो. बाकीचे खरादी आता दुसरे रंग घेतात, पण त्या रंगाला ही चमक नाही." अब्बांनी एक खुळखुळा उचलून पुढे धरला. "यात ती लाखेत कोंडलेली असते. राळ आणि लाख तिला सोडत नाही. म्हणून बच्चा चोखतो तरी काही नाही. लाख नसेल तर ती चमडी खाऊन टाकेल."

"आणि भेगेत गेली तर?"

"भेगेत कशाला जाईल?" अब्बा हसले आणि मोटर सुरू केली.

'स्वच्छतेच्या नियमांना हरताळ फासला,' असं निबंधात लिहून रुबिनाने सहामाहीला शाबासकी मिळवली होती. हरताळ ही एक वस्तू असते आणि ती आपल्याच फळीवर बरणीत असते, हे तिला माहीत नव्हतं. ती स्टुलावर बसून राहिली. तिला एवढंच दिसत होतं की जामसरला एक बाई, तिची ओळख ना पाळख, सकाळ-संध्याकाळ पाय धुऊन, रुबिनाने सांगितलं तसं, बोटाने विष भेगेत भरते आहे. आणि दुखायला लागलं की आणखी भरते आहे.

सांगायचं होतं त्याच क्षणी. वाक्य छोटं होतं. बोलण्यात तर ती पटाईत होती. पण 'हळद' असं तिने परीक्षकांच्या तोंडावर सांगितलेलं, प्रदर्शनातल्या फलकावर लिहिलेलं, पुष्पलताबाईंनी त्याखाली सही केलेली. एक वाक्य काढलं की ते सगळं पाठोपाठ येणार होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी तिने अर्धंच सांगितलं.

"फागी, ते मलम बंद कर म्हणावं आईला. जुनं झालं ते. खराब होतं."

फागीने तिच्याकडे बघितलं. "परवा तर तू फलकासमोर सांगत होतीस, वर्षभर टिकतं म्हणून."

"थंडीत नाही टिकत."

"द्यायचं नसेल तर तसं सांग ना, रुबिना. बक्षीस भेटल्यापासून तू भाव खाते."

रुबिनाने घरी येऊन पुन्हा तेल तापवलं. पुन्हा राळ, पुन्हा पाणी. यावेळी शुद्ध, पांढरं, अम्मीच्या देखत केलेलं. दंड दुखून आले ते तिला बरं वाटलं, काहीतरी शिक्षा होते आहे असं. फागीकडे डबी देताना ती म्हणाली, "हे लाव म्हणावं. ते पिवळं फेकून दे, आणि डाक्टरकडे जा म्हणावं."

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी फागीने पांढरी डबी तशीच्या तशी बाकावर ठेवली.

"आयस म्हणते, पिवळ्याला नंबर आला. पांढरं ते गरिबाला देयासाठी."

पाय कसा आहे, रुबिनाने विचारलं. फागी म्हणाली, "काळा पडतोय. टेकवत नाय ती. मी शाळा सोडीन बहुतेक, घरी पाणी भराय कोण नाय." आणि पुस्तक उघडून बसली, जसं काही तिने पावसापाण्याचं सांगितलं.

त्या आठवड्यात रुबिना ताटात अर्धं टाकून उठायची. अम्मीला वाटलं जिल्ह्याच्या स्पर्धेची धास्ती. "मेरी शेरनी," म्हणून तिने नजर काढली, मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. रुबिना समोर बसून त्या मिरच्या तडतडताना ऐकत राहिली.

रविवारी ती फागीबरोबर जामसरला गेली. घरी सांगितलं, प्रोजेक्टसाठी. जीपमध्ये दोघी मागे बसल्या. सागाची पानं धुळीने पांढरी झाली होती. फागी खिडकीतून बाहेर बघत होती. रुबिना वाक्य जुळवत होती. 'मावशी, मला तुम्हांला एक सांगायचं आहे.' नको, भाषणासारखं होतं. 'मावशी, चूक झाली.' कोणाची? कुठे? 'मलमात.' नुसतं मलमात नाही ना.

पारू, फागीची आई, ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. पाय समोर, उशाला घ्यायच्या गोणपाटावर उंच ठेवलेला. घोट्यापर्यंत सुजलेला. टाचेपाशी जुनी चिंधी, चिंधीतून तो रंग बाहेर आलेला. झेंडूचा. वास येत होता. बाजूला तिची भावजय मालू मांडीवर पोर घेऊन बसली होती.

"हीच ती काय?" पारूचं तोंड उजळलं. "ये ग बाय! फागे, पाट दे तिला. माझी फागी सांगते, हॉल भरून माणसं बघत होती हिच्याकडं. आमच्या पाड्यात कोण आलं नाय कधी बक्षीसवाली."

"मावशी, पाय..."

"पायाचं काय, पाय हाय तो. दुखतं म्हणजे मलम आत काम करतं. विष ओढून काढतं ते." तिने उशाची डबी काढून दाखवली. तळ दिसत होता. "बघ, किती जपून वापरलं. पाड्यात पण दिलं चिमूटचिमूट. सगळ्यांचे पाय सारखेच ग. वाटून घेतलं की पुरतं."

"पाड्यात... कुणाकुणाला?" रुबिनाने विचारलं.

"ज्यानं मागितलं त्याला. आता हे तळचं उरलंय ते मालूच्या पोराला. बघ ना, ढुंगणाला कशी खरूज उठलीय त्याच्या. रडरडतं रातभर." तिने बोट डबीत घातलं. मालूने पोराला मांडीवर पालथं केलं. पोर रडून लालबुंद होऊन पाय झाडत होतं.

रुबिनाने जीपमध्ये जुळवलेलं एकही वाक्य तिच्या तोंडातून आलं नाही. तिने झडप घालून पारूच्या हातातली डबी हिसकली. पारूचं बोट तसंच हवेत राहिलं, पिवळं.

"नका लावू! विष आहे ते! मीच घातलंय!"

मालूने पोर छातीशी ओढलं. फागी पाणी घेऊन बाहेर येत होती ती दारातच थांबली.

"काय घातलं?" पारूने विचारलं.

"हळद नव्हती ती. अब्बांच्या दुकानातली रंगाची पूड. खेळण्यांना लावतात. मला ठाऊक नव्हतं विष असतं ते... नंतर कळलं."

"नंतर म्हणजे कधी?" हे फागीने विचारलं.

इथे खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी कळलं, म्हणता आलं असतं. "तू आणखी मागायला आलीस ना," रुबिना म्हणाली, "त्याच संध्याकाळी."

फागीने तांब्या खाली ठेवला. आवाज झाला नाही. "तेव्हा तू मला बोललीस, जुनं झालं."

"हो."

"आणि मी आयसला सांगितलं, रुबिना भाव खाते. तवा ती मलाच बोलली, शिकलेल्या पोरीला नावं ठेवू नको."

मालू आपल्या बोलीत काहीतरी जोरात बोलली. रुबिनाला शब्द कळले नाहीत, कळायची गरज नव्हती. पारू मात्र आपल्या बोटाकडे बघत होती. मग ते बोट तिने गोणपाटाला पुसलं, नीट, नखापर्यंत.

"माझा पाय राहू दे," ती म्हणाली. "जीप येईल तवा जाऊ दवाखान्यात. पण मी वाटलंय ते. भिकाच्या घरी दिलंय, लाडक्याच्या म्हातारीला दिलंय. चांगलं हाय म्हणून माझ्या तोंडानं दिलंय. मला तर चालवत नाय. तू जा आणि तुझ्या तोंडानं परत घेऊन ये."

"मी एकटी?"

"मग काय माणसं बोलावू ऐकाय? हॉल भरून?"

हे ती टोमणा म्हणून बोलली होती की कसं, पारूच्या चेहऱ्यावरून कळेना. फागी पुढे चालायला लागली. दार दाखवायची आणि अंगणाबाहेरच उभी राहायची, पाठ करून.

रुबिना दारोदार गेली. 'हे मलम मी केलं. त्यात विष आहे. लावू नका, परत द्या. लावलं असेल तर साबणाने धुवा आणि दवाखान्यात चला.' पहिल्या दारात तिचा आवाज हजेरीच्या वेळचा निघाला, पुन्हा सांगावं लागलं. भिका खो खो हसला, "विष असतं तर मी मेलो असतो की!" आणि मग टाच वळवून बघितली आणि हसायचा थांबला. लाडक्याची म्हातारी बहिरी. तिच्या कानापाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागलं, "मी चुकले!", आणि आजूबाजूच्या अंगणांतली बायामाणसं कामं सोडून बघायला उभी राहिली. कुणी पळसाच्या पानात बांधलेलं काढून दिलं, कुणी काडेपेटीतलं. एका बाईने पान हातात देताना तिच्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा चापट बरी.

एक दार बंद होतं. कडीला काटकी खोचलेली.

"जिवा आणि ठकीचं," फागी म्हणाली, रस्त्याकडे बघत. "वीटभट्टीवर गेली ती परवा. भिवंडीकडं. आयसनं ठकीला जाताना दिलं होतं. तिकडं चिखलात पाय लय फुटतात."

जीप आली तेव्हा पारूला दोघा बापयांनी उचलून बसवलं. भिका आणि म्हातारीही चढली. जव्हारच्या सरकारी दवाखान्यात डाक्टरांनी विचारलं, "काय लावलं होतं?" आणि सगळ्यांनी रुबिनाकडे बघितलं. ती "हरताळ" म्हणाली. डाक्टरांनी पेन थांबवून तिला पुन्हा म्हणायला लावलं. पाय वाचेल, ते म्हणाले, पण टाचेचं मांस काढावं लागेल. आणि आणखी उशीर केला असता तर, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. फागी आईच्या खाटेशी बसली. रुबिना दाराशी उभी राहिली. बस म्हणून कुणी म्हटलं नाही, आणि तिलाही बसावंसं वाटलं नाही.

अब्बांना निरोप गेला होता. ते भुशाने माखलेले तसेच आले. सगळं ऐकलं. आता मार पडणार म्हणून रुबिनाने मान खाली घातली. अब्बा खाटेपाशी गेले, पारूच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "बहेन, बरणीवर मी काही लिहिलं नव्हतं. उघडी फळी होती." मग बाहेर येऊन एवढंच, "भट्टी कौनसी?"

ते कुणाला ठाऊक नव्हतं. मुकादमाचं नाव तेवढं भिकाला आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रुबिना शाळेत गेली ती पुष्पलताबाईंना सांगण्यापुरती. बाईंनी आधी दार लावून घेतलं. "अगं, पण जिल्ह्याला पांढरं नेता येईल की! यातलं कुठे बोलायची..." आणि रुबिनाचा चेहरा बघून त्यांनी वाक्य सोडून दिलं, फलकावरची आपली सही शोधायला लागल्या. रुबिना डेपोत आली. अब्बा भिवंडीच्या गाडीत जागा धरून बसले होते, दुकानाला कुलूप होतं.

भिवंडीला उतरून रिक्षा, मग पायी, या भट्टीवरून त्या भट्टीवर. "जव्हारवाले? उधर पूछो." "जिवा? कोण जिवा, सगळेच जिवा!" ऊन चढलं. अब्बा घाम पुसत पुढे चालत होते आणि रुबिना मागे, प्रत्येक बाईच्या पायांकडे बघत. तिला वाटलं, आपण कधी एवढे पाय बघितलेच नव्हते. भाषणात 'कष्टकऱ्यांच्या भेगाळलेल्या टाचा' असं म्हणत होतो आपण, हात हलवून.

ठकी सापडली ती गाऱ्याच्या खड्ड्यात, गुडघ्यापर्यंत चिखलात. जिवा साचे मारत होता. रुबिनाने आपलं वाक्य सांगितलं. आता ते न अडखळता येत होतं आणि न अडखळता येतं याचीच तिला लाज वाटली.

ठकी चिखलातून वर आली. खोपटात जाऊन तिने उशाखालून काडेपेटी आणली. निम्मी रिकामी होती.

"लावलं?"

"काल-परवा लावलं थोडं. आग होते, म्हटलं होत असंल."

रुबिनाने पिशवीतून साबण काढला, ड्रमातलं पाणी मागून घेतलं आणि तिच्यापुढे बसून पाय धुवायला घेतले. ठकी पाय मागे ओढत राहिली. "अगं राहू दे ग पोरी, कपडे भरतील तुझे. मुकादम ओरडंल मला." रुबिनाने पाय सोडला नाही. चिखल गेला, पिवळं गेलं, खाली टाच दिसली. लालबुंद झाली होती, एका भेगेच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. पण पारूसारखी नव्हती. अजून नव्हती. अब्बा जिवाला डाक्टरचं समजावत होते, आज आत्ता जायचं, गाडी मी करतो म्हणत होते.

ठकीने पाय पुसला. टाच वळवून स्वतःच बघितली, मग रुबिनाकडे बघितलं. रुबिनाने तिच्या डोळ्यांत राग शोधला तर तोही नीटसा नव्हता. ठकीला कामाचं विचारायचं होतं.

"मग भेगांना आता काय लावू?"

रुबिनाला याचं उत्तर येत होतं. तेल, राळ, पाणी, फेटायचं कसं, किती वेळ, सगळं तोंडपाठ होतं. तिने तोंड उघडलं.

"डाक्टरांना विचारू या," ती म्हणाली. "मला नाही माहीत."